पटले काकांचं ब्रेक ऑइल

आमच्या शेजारच्या पटले काकांची गाडी महिन्यातून एकदा बाजारापर्यंत जाते, पण तिचं ब्रेक ऑइल दर रविवारी बदललं जातं. गोंदियाच्या रस्त्यांना दोष द्यावा, तर माझी गाडी रोज त्याच रस्त्यांवर धावते आणि मी ते दोन वर्षांनी बदलते.

काका जन्मभर राइस मिलमध्ये फिटर होते. "मशीन बोलते, आयकनारा पायजे," हे त्यांचं पालुपद. ही गाडी घेतली तेव्हा शोरूममध्ये बॉनेटला कान लावून ते इतका वेळ उभे राहिले, की मागचं गिऱ्हाईक चहा पिऊन परत आलं. गॅरेजवर त्यांचा काडीचा विश्वास नाही.

ब्रेक ऑइल बदलायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकाजवळचं निप्पल पान्याने सैल करायचं, म्हणजे जुनं तेल आणि हवा नळीतून बाटलीत उतरते. निप्पल पुन्हा आवळण्याआधी पाय उचलला, की हवा परत आत. काका पोत्यावर आडवे होत; आत काकू.

काकूंना होळीच्या सुमारास लकवा मारला होता. उजव्या पायात जोरच राहिला नव्हता. आता पायाला काम दिलं नाही तर चालणं कायमचं जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण व्यायामाचं नाव काढलं की काकू भिंतीकडे तोंड करून झोपत. अशा बाईला पेडल दाबायला बसवणं मला पटेना. एका रविवारी मी सरळ सांगितलं, काकूंना उतरवा, मी दाबते.

"तुमचा पाय कायले?" काका खेकसले. "तुमचा त चांगला हाय."

मग मी वाकून पाहिलं. नळी कोरडी होती. बाटलीतल्या तेलावर धुळीची साय. पाना चाकाजवळ नव्हताच. आणि काका उघड्या दारातून काकूंच्या पावलाकडे बघत होते.

"आज वीस झाले," माझ्याकडे न बघता ते हळूच म्हणाले. "पयले तीन होत नव्हते. व्यायाम म्हटला का रडते. मशीनचं काम म्हटलं त नाही म्हनत नाही. चाळीस वर्सं फिटरची बायको हाय."

आतून काकूंनी मलाच विचारलं, "काऊन वो बाई, एवढी हवा येते तरी कोठून?"

मी बॉनेट उघडलं, थोडा वेळ आत डोकावले आणि म्हटलं, "मागच्या चाकांत बरीच अडकली आहे, काकू. दिवाळीपर्यंत तरी दाबावं लागेल."