शेषरावांची सातवी शर्यत

संक्रांतीनंतरचा पहिला रविवार, सकाळचे अकरा. प्रवेश फी रुपये अडीचशे, रोख. हजर: पावती फाडणारा माणूस, मी आणि आमचे शेजारी शेषराव. शेषरावांच्या डोक्यावर हेल्मेट होते. ते त्यांनी पहाटे दाढीच्या आधीच चढवले होते. दाढी हेल्मेटच्या आत जेवढा हात पोचेल तेवढीच झाली होती.

शेषराव सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत त्यांची आई बैलगाडीतून माहेरी निघाली होती आणि हे वाटेतच जन्मले. "मी चालत्या गाडीतला माणूस हाय, अकौंटंट. एका जागी थांबणं मला मानवत नाय," असे ते सांगत. मी त्याच कचेरीत हिशेबाच्या शाखेत होतो, म्हणून ते मला अकौंटंट म्हणत. प्रत्यक्षात ते तीस वर्षे एकाच खुर्चीवर बसले होते, हे मला ठाऊक होते.

मूलबाळ नव्हते. बायको गेल्यावर त्यांनी टॅक्सीत राबलेली जुनी फियाट घेतली. टपाचा पिवळा रंग तसाच ठेवला आणि पुढच्या दोन्ही दारांवर सत्तावीस आकडा रंगवून घेतला. गल्लीला तीन फेऱ्या मारल्याशिवाय ते गाडी लावत नसत. भाजी आणली की "दोन लॅपमध्ये आलो" म्हणत. "लाइन धरा" हा त्यांचा मंत्र. तो त्यांनी लग्नाच्या पंगतीत वाढप्यांनाही ऐकवला होता.

जुन्या गाड्यांच्या शर्यती सावंगीजवळच्या पडीक रानात होत. चुन्याने गोल आखायचा आणि त्यावर पंधरा फेऱ्या मारायच्या. शेषराव सहा शर्यती धावले आणि सहाही वेळा शेवटी आले. मागून गाडी आली की ते खिडकीतून हात काढून "पुढं व्हा" अशी खूण करत. एकदा प्रतिस्पर्ध्याचे पेट्रोल संपले, तर थांबून स्वतःच्या डब्यातले दिले. तो पहिला आला. "आपल्या पेट्रोलवर आला ना," म्हणत शेषराव आठवडाभर खुशीत होते.

फेऱ्या मोजायला शेजारच्या सीटवर एक माणूस चाले. त्या रविवारी तो मी होतो. पावती घेऊन आम्ही गाडीकडे आलो, तर मागच्या सीटवर एक म्हातारी बसलेली. मांडीवर गाठोडे, वर झबल्या-टोपड्याची पिशवी. नाव गंगूबाई, राहणार हर्सूल. फुलंब्रीची गाडी बंद पडली म्हणून चालत निघाली होती. पिवळा टप दिसला आणि येऊन बसली.

शेषरावांनी तिला ही शर्यतीची गाडी असल्याचे नीट समजावले.

"सगळे असंच म्हणत्यात," ती म्हणाली. "गाडी भरंपर्यंत काय बी सांगत्यात. खिडकी मी आधी धरलीया, मी उतरनार नाय."

तेवढ्यात शिट्टी झाली.

पहिल्या तीन फेऱ्या तिने गाठोडे सांभाळण्यात घालवल्या. चौथीला म्हणाली, ही बाभळ मघाशी पण आली होती. सहाव्यापासून ती खड्डे सांगू लागली, आणि खरे सांगायचे तर बरोबर सांगत होती. दहाव्या फेरीला तिने विचारले, एवढी माणसं कडेला उभी आहेत तर एकालाही का घेत नाही.

तेवढ्यात शेजारच्या गव्हाचे पाणी बांध फुटून वळणावर आले. काळी माती. पुढच्या तीन गाड्या एकामागून एक रुतल्या. चौथीचे रेडिएटर उकळले. पाचवा आणि सहावा एकमेकांना घासले आणि खाली उतरून भांडत बसले. शेषराव वळण नेहमीच लांबून, हळू घेत. आमची गाडी कोरडी निघाली. मैदानावर फिरणारी गाडी एकच उरली होती.

"अकौंटंट, किती राहिल्या?"

"दोन. पहिले येणार तुम्ही."

मागून गंगूबाईने वेळ विचारली. पावणेबारा झाले होते. ती पुढे वाकली. म्हणाली, "बारा वाजता नातवाचं बारसं हाय. पोरीला बाप नाय, भाऊ नाय. माहेराहून मी एकलीच. मी नाय पोचले तर पोरगी दाराकडंच बघत बसंल, बाबा."

शेषरावांनी चाक फिरवले. बाभळीपाशी कुंपणाला खिंडार होते. गाडी त्यातून बाहेर पडून सरळ डांबरी रस्त्याला लागली. मागे शिट्ट्या वाजत राहिल्या. मी म्हणालो, अहो, दीडच फेरी होती. ते म्हणाले, "लाइन धरलीय, अकौंटंट. गप बसा."

फुलंब्रीपर्यंत त्यांनी एकालाही पुढे जाऊ दिले नाही. असे मी प्रथमच पाहिले.

पाळणा सजला होता. बायका जमल्या होत्या. दारातच मुलीच्या सासूने गंगूबाईला विचारले, "एकट्याच आलात? माहेरचं दुसरं कुणी नाय?" प्रश्न साधाच होता, पण गंगूबाईने मान खाली घातली.

शेषरावांनी हेल्मेट काढले. अर्धी दाढी तशीच राहिली होती.

"आलोय की," ते म्हणाले. "मी हिचा भाऊ. गाडी लावत होतो, म्हणून मागं राहिलो."

आम्हाला मानाने पाटावर बसवले. शेषरावांनी दोनदा वाढून घेतले आणि वाढप्याला काही शिकवले नाही.

निघताना गंगूबाई गाडीपाशी आली आणि पदराची गाठ सोडू लागली. भाडे किती, विचारू लागली.

"भावाला भाडं देत्यात व्हय?"

"मग दिवाळीला ये," ती म्हणाली. "ववाळायला कुणी नाय मला."

परतताना शेषराव वळणावळणाला हळू झाले. हर्सूल ओलांडल्यावर म्हणाले, "अकौंटंट, भाऊबीजेला किती घालत्यात ताटात? मला कधी ठावं नाय."

मी सांगितले, ऐपतीप्रमाणे.

शर्यतीच्या फीपैकी काही परत मिळाले नाही. भाऊबीजेला ते सकाळी सातलाच, पूर्ण दाढी करून हर्सूलला गेले. ओवाळणी रुपये एकशे एक आणि एक लुगडे, गंगूबाईंस पोच.