एक अजून हवेत आहे

आमचे नाना आयर्लंडमधल्या शॅननमध्ये जावयाची गाडी आत घ्यायला फाटकात उभे राहतात, दोन्ही हातांत टेबल टेनिसच्या बॅटी घेऊन. गाडीला मागे कॅमेरा आहे. पण नानांनी बॅटी छातीवर आडव्या धरल्याशिवाय इंजिन बंद करायची जावयाची टाप नाही. शेजारची आयरिश बाईसुद्धा हल्ली त्यांच्याच इशाऱ्यावर गाडी लावते आणि "ग्रँड, नाना" म्हणते.

आमचे म्हणतो खरं, पण मी त्यांच्या लेकीचा भाडेकरू. दहावी अर्धवट सोडून तंदूर धरला, तो इथल्या हॉटेलापर्यंत आलो.

नाना नौदलात, विमानवाहू जहाजावर होते, डेकवर उभं राहून बॅटींनी विमानांना इशारे द्यायचे. विमान उतरवायचं तर अख्खं जहाज वाऱ्याकडे तोंड करून चालवतात. म्हणून आमचा कचऱ्याचा डबाही वाऱ्याकडे तोंड करूनच उभा. "वारा समोरून घ्यावा," हे दिवसातून चारदा.

डेकवर चाकं टेकली की पायलट म्हणे इंजिनाचा जोर कमी करत नाही, उलट पूर्ण लावतो. शेपटीचा हूक आडव्या तारेत अडकला नाही, तर पुन्हा उडता यायला हवं. मी विचारलं, तार चुकली म्हणजे नापास ना?

"नापास कसला? फेरी मारायची, परत यायचं."

शाळेत हे कुणी बोललं नव्हतं.

त्या ऑक्टोबरात वादळ आलं. हॉटेल दुपारीच बंद केलं, बसही बंद. सायकल काढली. आमच्या गल्लीत वळलो तर फाटकात नाना, पिवळा रेनकोट, दोन बॅटी. पाठीमागून वाऱ्याने असं ढकललं, की ब्रेक दाबूनही मी फाटकापुढून सरळ निघून गेलो.

"तार चुकली," नाना ओरडले. "थांबू नकोस. वळ, समोरून ये."

वळलो. आता वारा थेट तोंडावर. उभा राहून पेडल मारत होतो तरी सायकल मुंगीसारखी. पण सरळ आली. बॅटी आडव्या झाल्या आणि नानांनी हँडल घट्ट धरलं.

आत टेबलावर सगळं झाकलेलं. "आय'म स्टार्व्हिंग, आजोबा," नात म्हणाली.

नानांची लेक, आमची ताई, मला म्हणाली, "कधीची सांगतेय, आपण सगळे घरात आहोत, बसा जेवायला. तर म्हणतात, डेकवरचा माणूस सगळी विमानं उतरल्याशिवाय जेवत नाही. एक अजून हवेत आहे."

नानांनी बॅटी पुसून ठेवल्या आणि माझं ताट स्वतःच्या शेजारी ओढून घेतलं.