वर लिहिलंय तेवढं आत

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले निफाडकरकाका एकवीस किलोमीटर धावले ते एका टी-शर्टासाठी. टी-शर्ट बक्षीस मिळावा म्हणून नव्हे; तो त्यांच्याकडे आधीपासून होताच. त्याच्या छातीवर 'हाफ मॅरेथॉन फिनिशर' असं छापलेलं होतं आणि ते खरं झाल्याशिवाय अंगात घालायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. 'धावले' हा शब्दही मी मोठ्या मनाने वापरते आहे. सोसायटीच्या आवारात रोज सकाळी थोडं चालून, मधूनच चार पावलं पळून, त्यांनी ते अंतर हप्त्याहप्त्याने संपवलं. एक फेरी किती मीटरची, हे त्यांनी स्वतः टेप लावून मोजलं, कारण बिल्डरच्या मापावर त्यांचा विश्वास नाही. शेवटच्या दिवशी काकूंनी गेटपाशी लिंबाचं सरबत दिलं, वॉचमनने टाळ्या वाजवल्या. मग काका वर गेले, आंघोळ केली आणि तो टी-शर्ट घालून दूध आणायला निघाले.

काका वजनमापं खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे काटे तपासायचे, पुड्यांवर छापलंय तेवढं आत भरतंय का ते बघायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. ती संपली तेव्हा खात्याने त्यांना शाल आणि नारळ दिला. काकांनी नारळ हातात तोलून बघितला, असं काकू सांगतात. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "वर लिहिलंय तेवढं आत असलं पाहिजे." बिस्किटाचा पुडा असो, उमेदवाराचं पत्रक असो की लग्नाच्या पत्रिकेतली शिक्षणाची यादी असो, काका हे वाक्य म्हणतात आणि चष्मा वर करून आत काय आहे ते शोधू लागतात.

टी-शर्टांचा संबंध आला तो गार्गीमुळे. गार्गी त्यांची एकुलती एक मुलगी. आधी कॉलेज, मग हिंजवडीतली कंपनी, मग थेट अमेरिका. जाताना तिने कपाटभर टी-शर्ट मागे ठेवले. कॉलेजच्या संमेलनाचे, कंपनीच्या सहलीचे, कसल्या कसल्या शिबिरांचे, सगळे फुकट मिळालेले आणि सगळे तिच्या अंगाला ढगळ. हल्ली मुली तसेच घालतात. काकूंनी त्यांची फडकी करायला कात्री काढली होती. जन्मभर पांढरा हाफ शर्ट घातलेले काका म्हणाले, "थांब. माल चांगला आहे." आणि गार्गीचं विमान गेलं त्याच आठवड्यात ते 'व्हॉलंटियर' असं पाठीवर लिहिलेला हिरवा टी-शर्ट घालून खाली उतरले.

आता पाठीवर 'व्हॉलंटियर' लिहिलंय म्हटल्यावर काहीतरी करणं आलं. काकांनी कोथरूडच्या त्या चौकात, जिथे सिग्नल आहे पण तो कुणी बघत नाही, उभं राहून सकाळभर शाळकरी पोरांना रस्ता ओलांडून दिला. एका स्कूटरवाल्याने विचारलं, तुम्ही कोण? काकांनी नुसती पाठ दाखवली.

मग हे सुरूच झालं. 'ब्लड डोनर' लिहिलेला टी-शर्ट घेऊन ते रक्तपेढीत गेले. तिथल्या मुलीने वय विचारून गोड नकार दिला, तर काका माझ्या नवऱ्याला घेऊन परत गेले, त्याला रक्त द्यायला लावलं आणि टी-शर्टही त्यालाच देऊन टाकला. 'कॉफी झाल्याशिवाय बोलू नका' असा एक होता. काका चहाचे भक्त, पण त्या टी-शर्टच्या दिवशी ते निमूटपणे कॉफी पीत आणि तोवर खरंच तोंड उघडत नसत. काकू तो टी-शर्ट वारंवार धुऊन पुढे ठेवू लागल्या. गार्गीच्या मैत्रिणीच्या लग्नातला 'टीम नवरी' लिहिलेला गुलाबी टी-शर्ट त्यांनी आमच्या भाच्याच्या लग्नात जाकिटाच्या आत घातला. आम्ही मुलाकडचे. जेवणाच्या पंगतीवरून थोडी कुरबूर झाली तेव्हा काका शांतपणे उठले, पलीकडे जाऊन बसले आणि मला म्हणाले, "अंजली, आज मी मुलीकडचा आहे." वर, आमचीच चूक कशी आहे ते मुद्देसूद सांगितलं.

ब्रँडेड कपड्यांच्या दुकानात मात्र काकांना मी एकदाच नेलं. तिथे 'एल' लिहिलेला एक टी-शर्ट त्यांना घट्ट झाला आणि दुसऱ्या कंपनीचा 'एल' लिहिलेलाच सैल. काकांनी खिशातून टेप काढली. एल म्हणजे किती इंच, असं त्यांनी विक्रेत्या पोराला विचारलं. तो म्हणाला, सर, हा स्लिम फिट आहे. "स्लिम कोण, मी की शर्ट?" काका म्हणाले. मग त्यांनी मॅनेजरला बोलावून, शेर आणि पायली गावागावांत वेगळी असायची तेव्हा गिऱ्हाईक कसं नाडलं जायचं, याची हकीकत ऐकवली. मॅनेजरने शेवटपर्यंत ऐकली. बहुधा दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं म्हणून.

माझे गणिताचे क्लास दुपारी असतात. सकाळ माझी स्वतःची. चहाचा कप घेऊन मी बाल्कनीत बसते आणि काही करत नाही. आमची बाल्कनी आणि निफाडकरांची बाल्कनी यांच्यामध्ये बुचाचं एक उंच झाड आहे. पावसाळा सरला की त्याची लांब देठांची पांढरी फुलं हळूहळू गळत राहतात आणि वास सगळ्या इमारतीभर पसरतो. अशा वेळी समोरच्या दोरीवर ते टी-शर्ट वाळत असतात. संमेलन, सहल, शिबिर, शर्यत. ऊन अजून कोवळं, धुकं पुरतं गेलेलं नाही आणि कुणाच्या तरी तरुणपणाची वर्षं एका ओळीत हलताहेत. मी अर्धवट झोपेत असते, त्यामुळे मला कधीकधी वाटतं, गार्गी गेलीच नाहीये, ती एवढ्यात बाहेर येऊन कपडे काढून घेईल. मग दार उघडतं आणि काका येतात. प्रत्येक टी-शर्ट उलटा करून, छापलेली बाजू उन्हापासून वाचवून, पुन्हा दोरीवर टाकतात.

त्यांच्या कपाटात एक टी-शर्ट मात्र घडी न मोडलेला होता. तो काकांच्या वाढदिवसाला गार्गीने तिकडे बसून मागवला होता. हल्ली मराठी मजकुराचे टी-शर्ट निघालेत, त्यातला. निळा, छातीवर मोठ्या पिवळ्या अक्षरांत: 'जगातले सर्वांत भारी बाबा'. काकूंनी तो मजल्यावर सगळ्यांना दाखवला. काकांनी कापड चुरून पाहिलं, शिवण तपासली, मजकूर वाचला आणि जशी होती तशी घडी घालून तो पिशवीत ठेवला. "हा नाही," एवढंच म्हणाले.

गार्गी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारायची, बाबा, घातला का? काकांना खोटं बोलता येत नाही. ते म्हणायचे, कापड छान आहे. पुढच्या रविवारी म्हणायचे, रंग छान आहे. मग हळूहळू गार्गीने विचारणं बंद केलं, आणि तेच काकूंना लागलं. दिवाळीला ती येणार होती, गेल्यापासून पहिल्यांदाच. ती आल्यावर तो टी-शर्ट असाच पिशवीत सापडला तर पोरीला काय वाटेल, या काळजीने काकूंचे चकल्यांचे दोन घाणे बिघडले. त्यांनी मला गळ घातली: तुझं ऐकतात ते, तू सांग.

मी एका सकाळी गेले. काका बाल्कनीत वेलीला दोरी बांधत होते. मी म्हटलं, काका, हे काय अक्षरशः घ्यायचं असतं का, सगळी पोरं सगळ्या बापांना असंच म्हणतात. काका म्हणाले, "म्हणजे जगात सगळेच सर्वांत भारी? मोजलं कशावर?" मी म्हटलं, प्रेमाने दिलंय. खाली बुचाची फुलं पडली होती आणि एक बाई ती ओच्यात वेचत होत्या. काका त्यांच्याकडे बघत राहिले.

"ती तिकडे गेली ना, त्या पहिल्या थंडीत तिचा फोन आला होता," ते म्हणाले. "रडत होती. बाबा, मी परत येऊ का, म्हणाली. मी म्हणालो, सुरू केलंयस ते पुरं कर. 'ये' म्हणायला काय लागत होतं? दुसऱ्या दिवसापासून तिने रडणं बंद केलं. म्हणजे माझ्याजवळ." त्यांनी दोरीची गाठ उगाचच सोडून परत बांधली. "त्या दिवशी माझ्याकडून माप कमी पडलं, अंजली. ते माहीत असून वर असलं लेबल कसं लावू?"

निघताना मी स्वयंपाकघरात काकूंना सांगितलं की जमलं नाही. त्या दिवशी मला काकांबद्दल फार माया वाटली आणि थोडा रागही आला.

गार्गी आली. पहिल्या आंघोळीच्या दिवशी काकूंनी पाटाशेजारी उटणं, तेल आणि नव्या कपड्यांच्या जागी मुद्दाम तोच टी-शर्ट ठेवला. मी फराळाचं ताट घेऊन गेले तेव्हा काका आंघोळ करून बाहेर आले होते. अंगात पांढरा हाफ शर्ट, हातात निळा टी-शर्ट, घडी तशीच. गार्गीने ते पाहिलं. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. आवडला नाही ना तुम्हाला, एवढंच ती हळू आवाजात म्हणाली.

काकांनी तिला समोर बसवलं आणि मला सांगितलं होतं तेच जसंच्या तसं सांगितलं. फोन, थंडी, 'पुरं कर', कमी पडलेलं माप. काकू दारात उभ्या होत्या. मी ताट हातात घेऊन तशीच उभी राहिले, कारण खाली ठेवलं असतं तर आवाज झाला असता.

"कमी पडलं होतं," गार्गी म्हणाली. "मला खूप राग आला होता तुमचा."

काकांनी मान हलवली.

"पण बाबा, मी लहान असताना तुम्हीच मला वाण्याकडे नेऊन दाखवलं होतं. एक पुडा कमी भरला म्हणून अख्खा माल नापास करतात का?"

काकांनी सवयीने उत्तर दिलं. "नाही. बरेच पुडे तोलायचे. सरासरी काढायची."

"मग बाकीचे दिवस कोण तोलणार? आणि तपासायचं कुणी, ज्याचा काटा त्याने की निरीक्षकाने?"

"निरीक्षकाने," काका म्हणाले.

गार्गी उठली. काकू ज्या जाड पेनने डब्यांवर 'बेसन', 'रवा' लिहितात ते पेन तिने स्वयंपाकघरातून आणलं. टी-शर्टची घडी मोडली, गळ्याच्या आतली बाजू पालथी केली आणि लिहिलं: 'तपासले. बरोबर आहे. मुदत एक वर्ष.' काकांनी चष्मा वर करून ते वाचलं. बराच वेळ वाचलं.

"सही राहिली," ते म्हणाले.

तिने सही केली. काका आत गेले आणि तो घालून बाहेर आले. काकांचं पोट जरा पुढे असल्यामुळे 'भारी' हा शब्द सगळ्यांत ठळक दिसत होता. काकू हसता हसता डोळे पुसू लागल्या, गार्गी हसली, मी शेवटी ताट खाली ठेवलं. काका तसेच जिना उतरून खाली गेले आणि दूध आधीच आलेलं असताना दूध घेऊन आले.

वर्षभर तो टी-शर्ट त्यांनी मनसोक्त वापरला. बँकेत, मंडईत, एकदा तर मयताच्या घरी भेटायलाही, वरून शाल घेऊन. कुणी हसलं तर गळा मागे करून आतली सही दाखवायचे.

यंदा गार्गीला दिवाळीला रजा मिळाली नाही. आता नाताळात येते म्हणाली आहे. पहिल्या आंघोळीच्या दिवशी काका पांढऱ्या शर्टात बाहेर आले. मी म्हटलं, काका, आता कोण बघतंय? ते म्हणाले, "मुदत संपली की शिक्का मारून घेतल्याशिवाय काटा वापरायचा नसतो. येईल ती. तपासेल."

आज सकाळी मी नेहमीसारखी चहा घेऊन बसले होते. बुचाचा वास होता, धुकं होतं. समोरच्या दोरीवर तो एकच टी-शर्ट होता, तपासणीसाठी स्वच्छ धुतलेला, या वेळी छापलेली बाजू रस्त्याकडे. काका त्याच्या मागे खुर्ची टाकून बसले होते आणि आकाशात कुठल्याशा विमानाचा आवाज गेला तेव्हा त्यांनी मान वर केली. वारा आला. टी-शर्ट आतून फुगला, छाती, खांदे, पोटसुद्धा, आणि कुणी घातलेला नसताना तो पुरता भरलेला दिसला.