नाना आणि उघड्या काचा

आमच्या घरी आलेला माणूस आधी चपला काढतो, मग बसतो, मग पाणी मागतो. नाना बोरस्ते चपला काढतात आणि तडक खिडकीपाशी जाऊन काचेला उलटा हात लावतात, तापातल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. मग माझ्याकडे वळून, कुणी गेल्याची बातमी सांगावी अशा आवाजात म्हणतात, "भाऊ, तुमच्या काचा उघड्या हायत."

उघड्या म्हणजे फिल्म न लावलेल्या. खिडकी बंद आहे की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं, तेव्हा माझ्या बायकोने दचकून ओढणी सारखी केली होती.

नाना मूळचे निफाडचे. सगळा जन्म द्राक्षबागेत गेला. बाग आता मुलगा बघतो, आणि नाना व काकू पाथर्डी फाट्याजवळ आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायला आले. आल्या आल्या त्यांनी सगळ्या खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवली. उन्हाने मणी करपू नयेत म्हणून बागेत द्राक्षांच्या घडांना कागद लावतात, तोच इलाज नानांनी फ्लॅटवर केला. त्यानंतर आमचा वॉचमन रोज सकाळी त्यांच्या बेडरूमच्या खिडकीबाहेर उभा राहून राशिभविष्य वाचायचा. एकदा त्याने बेल वाजवून "ह्या खुनाचं पुढचं पान कोणत्या खिडकीला लावलंय?" असं विचारलं, तेव्हा नानांनी कागद काढले.

मग कुणीतरी त्यांना काचेवर चिकटवायची सनफिल्म दाखवली, त्यांनी ती आपल्या घरभर लावली, आणि आमची साडेसाती सुरू झाली.

"खोली गार राहते, भाऊ. एसीचं बिल कमी येतं. सोफ्याचा रंग उडत नाय. काच फुटली तरी तुकडे जागच्या जागी. आणि बाहेरच्याला आतलं कायबी दिसत नाय."

"रात्री दिवा लावला की दिसतं, नाना."

"रात्री ऊन असतंय का?"

मी चहाचा कप त्यांच्या पुढे सरकवला.

तिसऱ्या मजल्यावरच्या जोशांचे वडील गेले, तेव्हा आम्ही भेटायला गेलो होतो. सगळे माना खाली घालून बसलेले. नाना भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे एकटक बघत होते. मला वाटलं, गहिवरले. थोड्या वेळाने ते जोशांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "फोटोवर थेट ऊन येतंय. पावसाळ्यापर्यंत आजोबा वळखू यायचे नायत."

जोशांनी त्यांना पुन्हा घरात घेतलं नाही. हळूहळू बेल वाजली की सगळेच आधी दाराच्या भिंगातून बघायला लागले. राहता राहिलो मी. मला कुणाला नाही म्हणता येत नाही. या स्वभावापुढे मी केव्हाच हात टेकले आहेत.

शेवटी बायको म्हणाली, "लाव बाबा एकदाची. निदान चहा तरी शांतपणे पिता येईल."

फिल्म लावणारे दोघे आले. साबणाचं पाणी मारून, पट्टीने निपटून त्यांनी काचा झाकल्या. नाना मागे उभे. "ह्या कोपऱ्यात फुगा राहिला," असं ते प्रत्येक काचेला म्हणाले. काम संपलं आणि माझं लख्ख घर मळभ आल्यासारखं दिसू लागलं. मला माझ्याच हॉलमध्ये उदास वाटायला लागलं. कारागीर गेले, पण नाना जागचे हलेनात.

"भाऊ, उद्या दुपारी हिला घेऊन येऊ का? वहिनींपाशी बसंल घटकाभर."

"अहो, विचारता काय? कधीही आणा."

"कधीबी नाय आणता येत. उघड्या काचांच्या घरात तिला नेता येत नाय."

मग कळलं. काकूंना असा आजार होता की अंगावर ऊन आलं की चट्टे उठायचे, सांधे धरायचे, ताप भरायचा. काचेतून आलेलं ऊनही बाधायचं. दिवेलागणीनंतर त्या पार्किंगमध्ये एकट्याच फेऱ्या मारताना आम्हाला दिसायच्या. तेव्हा बाकीच्या बायका स्वयंपाकाला लागलेल्या असतात. बायकांचं जमणं दुपारचं, भाज्या निवडायला नाहीतर भिशीला. त्यात काकू कधीच नसायच्या. फार मानी बाई आहे, असं आम्ही आपसांत म्हणायचो.

"आजार व्हायच्या आधी बागेत हिच्याभोवती कायम बाया असायच्या," नाना म्हणाले. "इथं भिताडांशी बोलती. आजाराचं कुणाला सांगू नका म्हणते, लोकांची कीव नको म्हणते. मंग मी काय करावं? म्हटलं, सोफ्याचं सांगू, बिलाचं सांगू. चार घरांनी जरी फिल्म लावली, तरी हिला जायला चार घरं झाली."

"नाना, आधी नाही का सांगायचं! आता मी बघतो. जोशांना मी पटवतो. काकूंना नीट जपू, त्या बऱ्या होतील."

नाना दारापाशी गेले होते. तिथेच थांबले.

"बरी नाय व्हायची, भाऊ. मागल्या आठवड्यात डॉक्टर बोलले. रोग किडन्यांत उतरलाय. आता उन्हाला जपलं काय, न जपलं काय, लय फरक नाय म्हणले."

"मग... मग ही फिल्म कशाला लावून घेतलीत?"

"तिला नाय सांगितलं अजून. मी फिल्मचं बोलायचं सोडलं, तर तिला लगेच कळंल."

इतकी हताश गोष्ट इतक्या साध्या आवाजात मी कधी ऐकली नव्हती. नाना जिना उतरून गेले आणि मी दार लावायचं विसरून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी नानांनी काकूंना आणलं. जिन्यातसुद्धा डोक्यावर छत्री धरून. एक मजला चढून चहाला यायचं म्हणून काकूंनी ठेवणीतली पैठणी नेसली होती. बायकोने मेथीच्या जुड्या पुढे ओढल्या आणि दोघींच्या गप्पा ज्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. सुना, सांडगे, टोमॅटोचे भाव. काकू इतक्या मोठ्याने हसतात, हे मला माहीतच नव्हतं.

ऊन कललं, तेव्हा फिल्ममधून एक फिकट कवडसा दिवाणावर आला आणि सरकत सरकत काकूंच्या गुडघ्यापाशी थांबला. काकूंनी नानांकडे पाहिलं.

"घेऊ का हो जरा हातावर?"

नानांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं. "घे की. आता कायबी होत नाय."

काकूंनी बांगड्या मागे सारल्या आणि दोन्ही हात उन्हात ठेवले. नाना बसून मान खाली घालून मेथी निवडायला लागले. पानं कचऱ्यात टाकत होते आणि काड्या पातेल्यात. माझ्या बायकोने ते पाहिलं आणि आणखी एक जुडी त्यांच्यापुढे सरकवली.