कुंकू लावलेली सीडी

एका जंगलात वीज आली. विजेमागून कॉम्प्युटर आला. कॉम्प्युटरमागून त्यातलं कळणारे आले. ते सगळ्यांत जास्त आले.

मुलांनो, नीट बसा. भिंतीला टेकू नका. गोष्ट एकदाच सांगीन.

त्या जंगलात तानीबाई नावाची अस्वलीण राहायची. तिचा नवरा केरोबा मागच्या उन्हाळ्यात वारला. एकुलती एक मुलगी रंगू लांब डोंगरापलीकडच्या रानात दिलेली. गुहेत उरली तानीबाई आणि केरोबाचा कॉम्प्युटर.

त्या कॉम्प्युटरमध्ये केरोबाचा आवाज होता. रंगू लहान असताना तो तिला अंगाई म्हणायचा. म्हणायचा म्हणजे गुरगुरायचा. पण रंगू झोपायची. म्हातारपणी एक दिवस, घरात कोणी नाही असं बघून, तो माइकसमोर बसला आणि त्याने तीच अंगाई म्हणून ठेवली. कोणाला बोलला नाही. तो गेल्यावर तानीबाईला ती सापडली.

रंगूचे दिवस भरत आले होते. नदीला पाणी, त्यामुळे बाळंतपणाला माहेरी येता येईना. तिने करकोच्याकडून निरोप पाठवला. "आई, बाबांची अंगाई पाठव. बाळाच्या कानावर आजोबांचा आवाज पडू दे."

करकोचा म्हणाला, "मावशी, सीडीत भरून द्या. भोकातून दोरी ओवतो आणि गळ्यात अडकवून नेतो. पण ऊन उतरलं की मी निघणार. वारा फिरला की आम्हाला थांबता येत नाही."

कॉम्प्युटर तर कर्र कर्र वाजायला लागला होता. आज आहे, उद्या नाही, अशी त्याची तब्येत. आणि अंगाई दुसरीकडे कुठेच नव्हती.

तानीबाईने शेजारच्या नाना वानराला हाक मारली.

नाना आला. बाजारातून कोऱ्या सीड्यांचा डबाही घेऊन आला. खुर्चीवर बसला, बोटं मोडली आणि म्हणाला, "काकू, तुम्ही फक्त चहा टाका. चहा व्हायच्या आत सीडी तयार."

तेवढ्यात लांडोरवहिनी तबक घेऊन आल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. अशा कामाला त्या बोलावण्याची वाट बघत नाहीत.

त्या जंगलाची रीत होती. नवी वस्तू कुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही. नवा तवा आला, कुंकू. नवं फावडं आलं, कुंकू. लांडग्याकडे फ्रिज आला तेव्हा त्याच्या दारावर स्वस्तिक काढलं होतं. तो फ्रिज अजून चालतो. याहून मोठा पुरावा त्या जंगलात कोणी मागत नसे.

"तानीबाई, तू जरा मागे सरक," लांडोरवहिनी म्हणाल्या. "शुभकार्य आहे. तुझी सावली नको."

तानीबाई आपल्याच गुहेत मागे सरकली. दाराशी जाऊन उभी राहिली.

लांडोरवहिनींनी कोरी सीडी तबकात ठेवली. हळद लावली. मग ओलं कुंकू घेऊन चकचकीत बाजूवर ठसठशीत बोट टेकवलं.

नाना म्हणाला, "वहिनी, दुसऱ्या बाजूला लावा की. तिकडे छापलेलं आहे."

"छापलेली बाजू म्हणजे पाठ. ही चकाकते ती बाजू म्हणजे तोंड. कुंकू तोंडाला लावतात का पाठीला?"

नानाने सीडी यंत्राच्या खणात ठेवली. खण आत गेला. यंत्र घरघरलं. पडद्यावर हिरवी पट्टी थोडी सरकली आणि थांबली. तिथेच एक खिडकी उघडली. राइट एरर, म्हणजे सीडी भरली गेली नाही.

"होतं असं," नाना म्हणाला. "बंद करून चालू करू."

बंद करून चालू केला. दुसरी सीडी घेतली. वहिनींनी तिलाही कुंकू लावलं. राइट एरर.

एकदा बिघडलेली सीडी पुन्हा भरत नाही. वाया गेलेल्या सीड्या वानरिणी आरसे म्हणून घेऊन गेल्या. त्यांचं काम झालं.

मग कोल्हेसर आले. वडाखाली त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. ते आले की आधी हसायचे. दुसऱ्याने काय केलं ते बघून हसायचे.

"नाना, तू बंद करून चालू केलंस?"

"केलं ना."

"शाब्बास. माझ्या क्लासात ते पहिल्या दिवशी शिकवतात. पुढचे दिवस तू आला नाहीस वाटतं?"

"तुमच्या क्लासात येऊन तुमचा भाचा अजून रेडिओ दुरुस्त करतोय, सर."

कोल्हेसरांनी ते ऐकलं नाही. त्यांनी स्पीड कमी केला. मागे चालू असलेले बाकीचे प्रोग्रॅम बंद केले. पडद्यावर पोहणारे मासेही बंद केले. मुलांनो, हे सगळं बरोबर होतं. पुस्तकात असंच सांगतात.

लांडोरवहिनींनीही आपलं काम वाढवलं. नुसत्या बोटाने भागत नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी सीडीवर अख्खं स्वस्तिक काढलं.

राइट एरर.

"जागा कमी पडतेय," कोल्हेसर म्हणाले. "आतला कचरा काढायला हवा. हे काय आहे? केरोबा? उडवू का?"

दाराशी उभी असलेली तानीबाई एवढ्या जोरात ओरडली, की नाना खुर्चीवरून उडून माळ्यावर जाऊन बसला.

"हात लावशील तर बघ, कोल्ह्या!"

'सर' राहून गेलं. पण कोल्हेसरांनी हात काढला. त्याऐवजी त्यांनी पत्त्यांचा खेळ उडवला. तानीबाई शेतावर गेली की नाना तो खेळायला यायचा. तो माळ्यावरच तोंड पाडून बसला.

पुढची सीडी. या वेळी वहिनींनी स्वस्तिकाच्या चार घरांत चार ठिपके दिले आणि वरून अक्षता टाकल्या. आत काहीतरी खडखडलं. राइट एरर.

नाना खाली उतरला. काडीला कापूस गुंडाळून खणाच्या आत फिरवला. कापूस लाल होऊन बाहेर आला. सगळे वाकून बघू लागले.

"रक्त!" नाना म्हणाला.

"यंत्राला रक्त नसतं," कोल्हेसर म्हणाले. "हे गरम झाल्यामुळे होतं. आतलं वंगण तांबडं पडतं."

"दृष्ट लागलीय," लांडोरवहिनी म्हणाल्या.

तिघांचं तीन प्रकारे समाधान झालं. पडद्याला लिंबू-मिरची बांधली. यंत्राला पंखा लावला. कापसाने आत सगळं पुसून काढलं. सगळं बघितलं, सगळं तपासलं. यंत्राच्या पाठीमागच्या वायरी काढून लावल्या. कोल्हेसर तर म्हणाले, की गुहेचं तोंड दक्षिणेला आहे तेही एकदा बघायला हवं.

डब्यात शेवटची सीडी उरली. बाजार उठून गेला होता. ऊन उतरायला लागलं होतं. वहिनींनी ती सीडी तबकात घेतली आणि कुंकवाने अशी माखली, की सीडी कुठली आणि तबक कुठलं ते कळेना.

करकोचा सकाळपासून अंगणात एका पायावर उभा होता. त्याने आता दुसरा पाय खाली टेकवला आणि मान आत घातली.

"ते तांबडं तेवढं पुसून घाला की."

गुहेतल्या सगळ्या माना करकोच्याकडे वळल्या.

"काय म्हणालास?" लांडोरवहिनींनी विचारलं.

"पुसून घाला म्हटलं. त्या बाजूला काही लागलेलं चालत नाही. आमच्याकडे शेंबडी पोरंसुद्धा कडेने धरतात."

"कुंकू पुसायचं?" वहिनींना पिसारा नव्हता म्हणून, नाहीतर उभा राहिला असता. "दिवेलागणीच्या वेळी कुंकू पुसायला सांगतो हा! जीभ झडली नाही मेल्याची!"

"पाव्हणे, तुमच्या रानात रीत नसेल, आमच्यात आहे," नाना म्हणाला.

कोल्हेसर शांतपणे म्हणाले, "हे बघा, श्रद्धा बाजूला ठेवू. शास्त्राने बोलू. कुंकू बाहेरून आहे. एरर आतून येतोय. दोन्हींचा संबंध काय?"

करकोचा म्हणाला, "ठीक आहे. मला काय? मावशी, निघतो मी. रंगूताईला काय सांगू?"

तानीबाई दारातच होती. तिने करकोच्याकडे पाहिलं. मग ती आत आली. सकाळपासून पहिल्यांदा पुढे आली. तबकातली सीडी तिने कडेने उचलली.

"तानीबाई!" वहिनी ओरडल्या. "खाली ठेव ती! सवाष्णीने लावलेलं कुंकू आहे ते. पुसू नये. अभद्र असतं."

"असतं का?" तानीबाई म्हणाली.

"मग? एवढंही कळत नाही तुला?"

"मला कुठून कळणार? माझं पुसलंत तेव्हा केरोबा अजून अंगणात होता. गरम होता. मी म्हटलं, थोडं थांबा. तू माझे हात धरले होतेस, वहिनी. तेव्हा कोणी म्हटलं नाही, अभद्र असतं म्हणून."

नाना वायरीकडे बघू लागला. कोल्हेसर चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छ होता.

तानीबाईने पदराचं टोक पाण्यात बुडवलं. सीडी मधून कडेकडे पुसली. कुंकू निघालं. हळद निघाली. एक अक्षत चिकटली होती, ती नखाने काढली. कोरड्या पदराने पुन्हा पुसली. त्यात तिला स्वतःचं तोंड दिसलं. कपाळ मोकळं होतं. तिने फार वेळ बघितलं नाही.

"घाल," ती नानाला म्हणाली.

नानाने घातली. यंत्र घरघरलं. हिरवी पट्टी सरकली. थांबायची त्या जागी थांबली नाही. पुढे गेली. शेवटापर्यंत गेली. खण आपोआप बाहेर आला.

तानीबाईने सीडी पुन्हा आत ढकलायला लावली आणि ऐकली. केरोबा आधी खोकला. मग गुरगुरायला लागला. तेच ते, सुरात नसलेलं. ती ऐकत राहिली. संपल्यावर तिने स्वतः सीडीत दोरी ओवली आणि करकोच्याच्या गळ्यात बांधली.

"पाण्यापासून जप," ती म्हणाली. "आणि रंगूला सांग, हिला कुंकू लावू नकोस."

करकोचा उडाला.

आता गोष्ट इथे संपली असं तुम्हाला वाटेल. शहाण्यांच्या गावात गोष्ट अशी संपत नाही.

नाना म्हणाला, "बघितलंत? मघाशी बंद करून चालू केलं होतं. त्याचा गुण आत्ता आला."

कोल्हेसर म्हणाले, "स्पीड कमी केल्यावर यंत्राला सवय व्हायला वेळ लागतो. माझ्या क्लासात हे शेवटच्या दिवशी शिकवतात."

लांडोरवहिनी सगळ्यांत उशिरा बोलल्या. "कुंकू पुसलं, खरं आहे. पण पुसायला आधी लावलेलं लागतं ना? कोणी लावलं होतं?"

हे सगळ्यांना पटलं. जंगलाची सभा बसली आणि रीत ठरली. ती अजून चालू आहे. सीडी भरायची असली की आधी सवाष्ण तिला कुंकू लावते. मग विधवेला बोलावून ते पुसून घेतात. तेवढ्यापुरती विधवा पुढे उभी राहते. सीडी खणात गेली की तिला मागे सरकायला सांगतात.

पहिलं बोलावणं अर्थातच तानीबाईला आलं. माकडाच्या लग्नाची सीडी होती. नाना स्वतः आला होता. "काकू, चला. तुमच्या हाताला गुण आहे."

तानीबाई अंगण झाडत होती. तिने मान वर केली नाही.

"माझी एकच सीडी होती," ती म्हणाली. "ती पोचली."

आणि तिने नानाच्या पायाखालचाही केर काढला.

तात्पर्य: यंत्र बिघडलं तर वायरी तपासाव्यात, वेग तपासावा, गुहेची दिशाही तपासावी. आपण आपल्या हाताने काय लावून ठेवलं आहे, ते मात्र कधी तपासू नये. ते सापडलं, तर यंत्र सुरू होतं आणि शहाण्यांना घरी जावं लागतं.