पंधरावा मीटर

मीटरमध्ये काही लिहायचं असलं की शिवाप्पा काका आधी चपला काढतात.

लातूरच्या एका डाळमिलचे ते इलेक्ट्रिशियन. मी मुदखेडहून ट्रेनिंगला आलेला. कुठलं मशीन किती वीज खातं ते दाखवणारे चौदा मीटर काकांच्या ताब्यात. लॅपटॉपवरून त्यांच्यात सेटिंग लिहिताना कुणी बोललेलं त्यांना खपत नाही.

"मालक, जरा गप बसा. लिहून राहिलो."

मालक गप्प बसतात.

पॅनेलजवळ पायात बूट हवेत, असं मी एकदा भीत भीत सांगितलं.

"हाव. पॅनेल उघडताना बूट, लिव्हताना अनवाणी. वाचायला कुणाची परवानगी नको बाबू. लिव्हायचं म्हंजी जबाबदारी."

मग लिहिलेला आकडा ते तीनदा मोठ्यानं वाचतात. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, चुकायची भीती मलाही फार. पण काकांचं जरा अतीच वाटायचं.

एका सकाळी लॅपटॉपवर पंधरावा मीटर दिसला. नाव होतं, 'अव्वा'.

अव्वा म्हणजे काकांची आई. निलंग्याजवळच्या गावात एकटी राहते. मिलमधला जुना मीटर काकांनी सिमकार्ड घालून तिच्या घरी बसवला होता, त्याचे आकडे इथं लॅपटॉपवर दिसायचे.

"अव्वाला ऐकू येत न्हाई. फोन काय कामाचा? ह्यात मिक्सर दिसला की समजायचं, चटणी करून राहिली."

"मग आता काय झालं?"

"दात दुखतात म्हणून चटणी बंद. सकाळी पूजेचा बल्ब तेवढा लावते. इतक्या बारीक करंटला मीटर शून्य धरतो."

किती करंटच्या खाली शून्य धरायचं, तो आकडा कमी करायचा होता.

"एवढंच ना काका?"

"चुकीच्या जागी लिव्हलं तर मीटर मुका होतो. मग अव्वा उठली का न्हाई, कोण सांगणार?" त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "तू लिव्ह."

मी आकडा टाकला. त्यांनी तीनदा वाचला. मी बटण दाबलं.

शून्य.

आम्ही बघत राहिलो. बऱ्याच वेळानं शून्याचे चार वॅट झाले.

"बसली पूजेला," काका हळूच म्हणाले.

बाहेरून मालकांनी हाक मारली. काका हलले नाहीत. थोड्या वेळानं पुन्हा शून्य आलं. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं.

"बल्ब बंद केला. जास्त वेळ ठेवत न्हाई ती." ते स्क्रीनकडेच बघत होते. "आता अंगणात उन्हाला बसंल. तिथलं काय दिसत न्हाई."