मुंडी हेमांगीची

हेमांगीच्या डब्यात माशाची मुंडी नाही, असा दिवस मी चार वर्षांत पाहिलेला नाही. आमच्या बोईसरच्या पंपांच्या कारखान्यात ती इलेक्ट्रिशियन, मी स्टोअरमध्ये. मी मूळची मिरजेची, माझ्या माहेरी मासा फक्त शाळेच्या पुस्तकात होता. त्यामुळे कॅन्टीनमध्ये समोर बसलेल्या या पोरीनं पहिल्यांदा डबा उघडला आणि आतून पापलेटानं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं, तेव्हा मी माझा डबा झाकून मागे सरकले.

"ताई, मुंडीच खरी," ती म्हणाली. "तुकडी काय, कोनी पन खातं." खाली मान घालून तिनं दोन मिनिटांत मुंडीचा फडशा पाडला आणि वर घटाघटा पाणी प्यायली.

तिचा लाडका शब्द 'करंट'. कशाचंही नवल वाटलं की, "मना करंटच लागला!" साहेब हसले, करंट. मी बोंबील चाखला, करंट. खऱ्या विजेचा झटका मात्र तिला आजवर बसलेला नाही, इतकी ती कामाला पक्की.

म्हणूनच कंपनीनं तिला आठ महिन्यांच्या ट्रेनिंगला नॉर्वेला पाठवायचं ठरवलं. सातपाटीत तिच्या घरी पेढे वाटले, पण तिची आई मंदामावशी तोंड पाडून बसली होती. मावशी पालघरच्या बाजारात मासळी विकते, भल्याभल्या गिऱ्हाइकांची बोलती बंद करते. ती मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "बाय, विमानाचं मना भ्याव नाय. पन तिकडं माझ्या पोरीला मुंडी मिळंल का?"

"मावशी, समुद्राचाच देश आहे तो," मी ठोकून दिलं.

"मग दर रविवारी फोनवर मना खाऊन दाखवायची," मावशीनं लेकीला दम भरला. हेमांगीचा चेहरा उतरला. मला वाटलं, मुंडीच्या काळजीनं.

पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी मला फोन. "ताई, करंट! हिकडं माशाला मुंडीच नाय!"

दुकानात मासा प्लास्टिकमध्ये बंद, सोललेला, साबणाच्या वडीसारखा चौकोनी. कल्ले उघडून लाली बघितल्याशिवाय मासा घेणं म्हणजे हिच्या घराण्यात पाप. हिनं पाकीट उलटंपालटं केलं आणि शेवटी नखानं प्लास्टिक फाडलं. दुकानातली बाई धावत आली. "मी काय करनार, ताई? ताजा हाय का शिळा, तोंड बघितल्याबिगर कळंल कसं? लगीन तरी करतं का कोनी तोंड न बघता?"

मग करंटांची रांगच लागली. दुपारच्या जेवणाला तिकडे थंडगार पावाचे काप, दोन कापांच्या मधे कागद. पहिल्या दिवशी हिनं थोडा कागदही खाल्ला. चीज तपकिरी आणि वर गोड! बसमध्ये हिच्या शेजारची जागा रिकामी असताना लोक उभे राहायचे, तेव्हा ही दोन दिवस स्वतःचेच कपडे हुंगत होती. मग कळलं, ते कुणाच्याच शेजारी बसत नाहीत. एकदा कॉफीच्या दुकानाबाहेर बर्फात बाबागाडी दिसली, आत तान्हं बाळ. कुणीतरी पोर विसरलं म्हणून ही गाडी ढकलत थेट दुकानात शिरली आणि ओरडली. बाळाची आई तिथंच निवांत कॉफी पीत होती. तिकडे पोरांना मुद्दाम बाहेर थंडीत निजवतात म्हणे, तब्येतीला चांगलं! हे ऐकून बोईसरच्या उकाड्यात मला कापरं भरलं.

"ते राहू दे गं, मुंडीचं काय झालं?" मी विचारलं. मावशी मला रोज तेच विचारत होती.

मुंडीसाठी ती शेवटी तिथल्या बंदरावर गेली. एक म्हातारा मासळीवाला मुंड्या कापून टोपलीत टाकत होता. हिनं मागितल्यावर त्यानं विचारलं, "मांजराला?" स्वतःला म्हणायची हिला लाज वाटली. ही हो म्हणाली. "नाव काय मांजराचं?" घाबरून हिच्या तोंडून निघालं, "मंदा."

"अगं कार्टे, आईचं नाव?"

"दुसरं कायच नाय आलं तोंडात," ती म्हणाली.

म्हातारा दर शनिवारी मंदाची पिशवी बांधून ठेवू लागला. रविवारी हेमांगी फोनसमोर बसून आवाज करत मुंडी चोखायची. एकदा मी सातपाटीला मावशीकडे गेले होते तेव्हा तो सोहळा पाहिला. मावशी शेजारणींना फोन दाखवत होती, "बघा, नॉर्वेत पन सोडत नाय माझी पोर!"

निघताना म्हाताऱ्यानं मंदासाठी भेट दिली, घुंगरू लावलेला लाल पट्टा, वर नाव घातलेलं. तो पट्टा हेमांगी पर्समध्ये लपवून हिंडते. आईला दाखवणार कसा?

ती परतल्यावर पहिल्याच रविवारी मी तिला जेवायला बोलावलं. मावशीला विचारून विचारून सुरमई केली आणि मुंडी तिच्या ताटात मधोमध वाढली. तिनं एकदा दाराकडे पाहिलं. मुंडी अलगद बाजूला सारली आणि मधली तुकडी उचलली. मग दुसरी. मग तिसरी. डोळे मिटून खात होती.

"हेमे! आणि मुंडी?"

"मना नाय आवडत," ती म्हणाली. "कदीच नाय आवडली."

आता मात्र करंट मला लागला. चार वर्षांचे डबे, तो म्हातारा, ते मांजर, तो पट्टा! मी हातातली पळी धरून तशीच उभी.

बाप गेला तेव्हा ती सात वर्षांची. चांगली मासळी सगळी बाजारात जायची, घरी एखादाच मासा उरायचा. आई तुकड्या हिच्या ताटात घालायची आणि स्वतः मुंडी घेऊन बसायची. "मी बघायचे ना, ताई. तेवढीच चोखत ती सगळा भात खायची. एक दिस मी रडून गोंधळ घातला, मना मुंडीच पायजे. तवापासून तुकडी ती खाते. डब्यातली टाकली असती तर कोनी ना कोनी तिला सांगितलंच असतं."

"अगं, पण आता घरात कमी काय आहे? आता सांगून टाक."

"सांगितलं तर तिला कळंल, मी तवा का मागत होते ते." तिनं मान हलवली. "नको, ताई. लय रडंल ती."

मी आणखी एक तुकडी तिच्या ताटात वाढली. तेवढ्यात माझा फोन वाजला. मंदामावशीचाच, व्हिडिओ कॉल. "बाय, वाढली का नाय मुंडी माझ्या पोरीला?"

मी वळून पाहिलं तर हेमांगीनं मुंडी पुढ्यात ओढली होती आणि मोठ्यानं चोखायला सुरुवातही केली होती. मी फोन तिच्याकडे फिरवला.

मावशीही तिकडे जेवायलाच बसली होती. भाताशेजारी पापलेटाची मधली तुकडी होती, जाड आणि अजून न मोडलेली. हेमांगीची नजर तिथंच लागली.

"माझं काय बघतेस, आई," ती भरल्या तोंडानं म्हणाली. "तू खा आदी."